व्हॉट्सॲप: निरोप पक्का, दप्तर कच्चं

निरोप पोचवण्याच्या कामात व्हॉट्सॲपला आपल्याकडे तोड नाही. घाटात नेटची एकच कांडी असली तरी चार ओळींचा मजकूर सरकतो. फोन नंबर हेच खातं असल्यामुळे आजीला पासवर्ड शिकवावा लागत नाही. आणि ज्याच्याशी बोलायचं तो तिथे असतोच, हा तर सगळ्यात मोठा फायदा. दुसरी ॲपं कितीही चांगली असली तरी वहिनी, प्लंबर आणि शाळेच्या बाई तिथे नसतील तर त्यांचा उपयोग काय?

घोळ होतो तो या निरोप्याला दप्तर सांभाळायला दिलं की. भाडेकराराची प्रत, मुलांचे दाखले, सोसायटीचा हिशेब, बारशाचे फोटो, सगळं 'व्हॉट्सॲपवर आहे ना' म्हणून सोडून दिलेलं असतं. मग फोन बदलतो, पाण्यात पडतो किंवा चोरीला जातो, आणि तेव्हा कळतं की ते तिथे 'ठेवलेलं' कधीच नव्हतं.

पुढे दिलेल्या वाटा अँड्रॉइडवरच्या आहेत. आयफोनवर नावं बहुतेक तीच, जागा जरा इकडेतिकडे. ॲप मराठीत वापरत असाल तर मेनू मराठीत दिसेल.

कुलूप कशाला आहे, कशाला नाही

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर, फोटो, व्हॉइस मेसेज आणि कॉल पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नल ॲपवाल्यांची आहे आणि ती भक्कम मानली जाते. मधला सर्व्हर निरोप वाचू शकत नाही. समोरच्याचा फोन बंद असेल तर निरोप सर्व्हरवर ३० दिवस थांबतो, तोवर पोचला नाही तर पुसला जातो. म्हणजे जुन्या गप्पांची प्रत कंपनीकडे नसते. ती तुमच्या फोनवर आणि तुम्ही घेतलेल्या बॅकअपमध्ये असते, बस. सहा महिन्यांपूर्वी आलेला फोटो फोनमधून पुसलात तर तो पुन्हा उतरवता येईलच असं नाही. पाठवणाऱ्याकडेच पुन्हा मागावा लागतो.

कुलूप कशाला नाही, तेही पाहू. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपांत आहात, ही माहिती कंपनीला दिसते. कंपनी २०१४ पासून फेसबुकची, म्हणजे आताच्या मेटाची आहे. बँक किंवा विमान कंपनीशी व्हॉट्सॲपवर बोलता तेव्हा तुमचा मजकूर त्या कंपनीच्या यंत्रणेत आणि बरेचदा तिने नेमलेल्या तिसऱ्याच कंपनीकडे जातो. समोरचा माणूस स्क्रीनशॉट घेऊ शकतो. 'व्ह्यू वन्स' फोटोचा स्क्रीनशॉट ॲप अडवतं, पण दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचाच फोटो काढला तर कोण अडवणार? तेव्हा आधार कार्ड, कोरा चेक, पिन असल्या गोष्टी 'एकदाच दिसेल' या भरवशावर पाठवू नका.

चॅटमध्ये मधेच 'सिक्युरिटी कोड बदलला' अशी ओळ दिसते, तिचा अर्थ बहुधा साधा असतो: समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं. मात्र ती ओळ आली आणि तासाभरात त्याच नंबरवरून 'अर्जंट वीस हजार पाठव' असंही आलं, तर साधा फोन लावून आवाज ऐका. पक्की खात्रीच करायची असेल तर माणसाच्या नावावर टिचकी द्या, 'एन्क्रिप्शन' उघडा. तिथला ६० आकडी क्रमांक दोघांच्या फोनवर एकच असला पाहिजे.

बॅकअप: सगळ्यात जास्त माणसं इथे रडतात

अँड्रॉइडवर दोन बॅकअप होतात. एक फोनवरच, रोज रात्री दोनच्या सुमारास, आपोआप. फोन गेला की तोही गेला. दुसरा गुगल खात्यात. तो तुम्ही चालू केला असेल तरच होतो. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि तीन गोष्टी बघा: शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, तो कोणत्या जीमेल खात्यात जातो, आणि त्यात व्हिडिओ धरले आहेत का.

तारीख जुनी दिसली तर बहुतेक वेळा कारण एकच: गुगलची जागा संपली. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप त्या जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो जीमेल आणि गुगल फोटोंबरोबर त्याच फुकटच्या १५ जीबीत धरला जातो. व्हिडिओची खूण काढली की बॅकअपचा आकार बरेचदा झपाट्याने उतरतो. घरातले दोनचार महत्त्वाचे व्हिडिओ वेगळे काढून ठेवा आणि बाकीच्यांचा लोभ सोडा.

दुसरं कारण म्हणजे जीमेल खातंच माहीत नसणं. फोन दुकानदाराने चालू करून दिला, खातंही त्यानेच उघडलं, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. असा फोन घरात एक तरी निघतोच, बहुधा वडिलांचा. नवा फोन घ्यायच्या आधी, जुना चालू असतानाच, हे निस्तरा.

गुगलवर एकच बॅकअप राहतो आणि नवा झाला की जुना पुसला जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायऱ्यांमधली मोठी चूक त्यातूनच घडते.

नवा फोन आला, दोन्ही अँड्रॉइड आहेत, तर असं करा:

१. जुन्या फोनवर चॅट बॅकअपमध्ये जाऊन 'बॅक अप' दाबा. वायफाय आणि चार्जर लावलेला असू द्या. आजची तारीख आणि वेळ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

२. नव्या फोनवर तेच गुगल खातं आधी घाला. सिम तेच, नंबर तोच. नंबर किंवा खातं यांतलं एक जरी वेगळं असलं तर बॅकअप सापडत नाही.

३. प्ले स्टोअरवरून व्हॉट्सॲप घ्या, नंबर टाका, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड द्या.

४. 'बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का?' असं विचारलं जाईल. इथे घाईत 'स्किप' दाबू नका. हा प्रश्न नंतर विचारला जात नाही. आणि त्या रात्री नव्या फोनने आपला रिकामा बॅकअप घेतला, तर तो जुन्यावर बसतो आणि दहा वर्षांच्या गप्पा संपतात.

५. स्किप दाबलं गेलंच, तर लगेच नेट बंद करा, ॲप काढून टाका, नेट चालू करून पुन्हा घ्या आणि पायरी ३ पासून या. रात्र उलटायच्या आत केलंत तर बहुधा जमतं.

६. आधी मजकूर येतो, फोटो मागाहून हळूहळू उतरतात. फोटोंच्या जागी धुरकट चौकोन दिसले म्हणून घाबरू नका. वायफायवर ठेवा आणि दोन दिवस जुना फोन पुसू नका.

दोन्ही फोन समोर असतील तर गुगलच्या भानगडीत न पडताही जमतं. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, 'ट्रान्सफर चॅट्स' उघडा आणि नव्या फोनवर येणारा क्यूआर कोड त्याला दाखवा. गप्पा थेट वायफायवरून जातात. जागेची मर्यादा असलेल्यांना हीच वाट बरी.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना गुगलवरचा बॅकअप उपयोगी पडत नाही. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' ॲप वापरावं लागतं, आणि तेही आयफोन नवा कोरा किंवा पूर्ण रिसेट केलेला असतानाच. माणसं आधी हौसेने आयफोन लावून घेतात, चार दिवस वापरतात आणि मग विचारतात की जुन्या गप्पा कशा आणायच्या. तेव्हा सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करणं एवढंच उरतं.

बॅकअपलाही वेगळं कुलूप लावता येतं: चॅट बॅकअपमध्येच 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप'. पासवर्ड ठेवा किंवा ॲपने दिलेली ६४ अक्षरांची किल्ली घ्या. फोन हातात आहे तोवर पासवर्ड विसरला तरी बदलता येतो. फोनही गेला आणि पासवर्डही, तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. आमचं मत असं: पत्रकार, वकील, डॉक्टर यांनी हे जरूर लावावं. ज्यांना स्वतःचा एटीएम पिन आठवत नाही त्यांनी पासवर्ड घरच्या डायरीत लिहूनच लावावं, नाहीतर नाद सोडावा.

फोटो, कागद आणि मराठी फॉन्ट

फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. गप्पांसाठी ते ठीकच, डेटा वाचतो. पण सातबाऱ्याचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, लग्नपत्रिकेचं प्रूफ यांतली बारीक अक्षरं त्यात जातात. पाठवताना वर 'एचडी' दाबा. छपाईला द्यायचा असेल तर फाइल जोडायच्या पेपरक्लिपच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो जोडा. फाइल आहे तशी जाते, २ जीबीपर्यंत. यात एक मेख आहे. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोबरोबर तो कुठे काढला याची नोंदही जाऊ शकते. घरातली जुनी वस्तू विकायला काढली असेल तर अनोळखी गिऱ्हाइकाला फोटो साधाच पाठवा.

डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली वर्ड फाइल फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. व्हॉट्सॲपचा यात दोष नाही. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत, पाळत नाहीत आणि फोनमध्ये बसवलेले नसतात. मंडळाचं इतिवृत्त, स्मरणिकेचा मजकूर, संस्थेचं पत्र, काहीही असो, पाठवणाऱ्याकडून पीडीएफच मागा. मजकुरात दुरुस्ती करायची असेल तर युनिकोडमध्ये बदलून मागा.

शोध हा मराठीचा आणखी एक दुखरा भाग. ॲप अक्षराला अक्षर लावून बघतं. कोणी 'मीटिंग' लिहिलं असेल, कोणी 'मिटींग', कोणी रोमन लिपीत, तर एका शब्दाने तिन्ही सापडत नाहीत. शब्दाऐवजी आकडा शोधा: रक्कम, फ्लॅट नंबर, तारीख. ते अंक देवनागरीत लिहिले असतील तर तेही करून बघा. फोटोवर छापलेला मजकूर शोधात येईल असं धरून चालू नका, म्हणून महत्त्वाची सूचना नुसतं चित्र करून टाकू नका, खाली दोन ओळी टाइपही करा.

हाती लागलेला कामाचा कागद त्याच दिवशी बाहेर काढा. फाइल उघडून 'शेअर'मधून ड्राइव्हवर, नाव नीट देऊन: '२०२५ घरपट्टी पावती'. मेसेजला तारा (स्टार) लावून ठेवणं ही सोय आहे, साठवण नव्हे. चॅट साफ करताना तारा लावलेलेही पुसण्याची खूण असते आणि घाईत ती तशीच राहते.

ग्रुप: सोसायटीचा, शाळेचा, मंडळाचा

एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. मावतात म्हणून घालायची असा नियम नाही. तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत 'पाणी उद्या १० ते २ बंद' ही सूचना गुड मॉर्निंगच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडली जाते.

सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा. ग्रुपच्या नावावर टिचकी, 'ग्रुप परमिशन्स', तिथे मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनना द्या. गप्पांचा ग्रुप वेगळा. ॲडमिन किमान दोन हवेत. एकुलता ॲडमिन घर विकून गेला की ग्रुप कोणाच्या तरी हाती आपोआप जातो, आणि तो कोण असेल हे तुमच्या हातात नसतं. महत्त्वाची सूचना पिन करा: मेसेज दाबून धरा, 'पिन', मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. बैठकीची तारीख ठरवायला 'पोल' उत्तम, त्यात १२ पर्याय देता येतात. मात्र पोलवरचं मत म्हणजे सर्वसाधारण सभेतला ठराव नव्हे, हे उत्साही सेक्रेटरींना आधीच सांगितलेलं बरं.

ग्रुपची मोठी उणीव म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. शाळेच्या पालक-ग्रुपमधून नंबर उचलून क्लासवाले फोन करत सुटतात ते यामुळेच. मोठ्या संस्थेने 'कम्युनिटी', म्हणजे अनेक ग्रुपांची एक मोट, करावी. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि स्वतःपुरतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, 'माय कॉन्टॅक्ट्स'. मग अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही, त्याला आधी निमंत्रण पाठवावं लागतं. शेअर बाजाराच्या 'टिप्स' देणाऱ्या बोगस ग्रुपांपासून वाचायला एवढी एक खूण पुरते.

चुकीच्या ग्रुपमध्ये पडलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत 'डिलीट फॉर एव्हरीवन'ने काढता येतो. नुसतं 'डिलीट फॉर मी' दाबलंत तर तो फक्त तुमच्याकडून जातो, म्हणजे सगळ्यांना दिसतो आणि तुम्हालाच दिसत नाही. तसं झालं तर लगेच, काही सेकंदांतच, खाली 'अन्डू' दिसतं ते दाबा. शब्द चुकला असेल तर १५ मिनिटांत 'एडिट' करा. खाली तशी खूण दिसते, पण आधीचा मजकूर इतरांना दिसत नाही.

फॉरवर्डबद्दल थोडं सविस्तर, कारण या मर्यादांमागे महाराष्ट्रातली एक घटनाही आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. देशभर तेव्हा अशाच अफवा फोनाफोनी फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं लिहायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटवर पाठवण्याची मर्यादा घातली. खूपदा फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटवर जातो. दोन बाण दिसले म्हणजे मजकूर खोटा असं नाही. ज्याने पाठवला त्याने तो लिहिलेला नाही आणि त्याला मूळ कोण हे माहीतही नाही, एवढं नक्की. मर्यादा चुकवायला लोक मजकूर कॉपी करून चिकटवतात, तेव्हा बाण दिसत नाहीत. हीच या व्यवस्थेतली फट.

सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिनला अटक होते का, हा प्रश्न हमखास येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तरी ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. तेवढं करायला आळस करू नये.

खातं कसं चोरीला जातं आणि कसं वाचवायचं

नंबर हेच खातं, ही जी सोय सुरुवातीला सांगितली, तीच कमकुवत जागा आहे. नंबरवर येणारा सहा आकडी कोड ज्याच्या हाती, खातं त्याचं. चोर तो चार वाटांनी मिळवतात किंवा त्याला वळसा घालतात.

पहिली वाट: ओळखीच्याच नंबरवरून 'चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना' असं येतं. त्या ओळखीच्याचं खातं आधीच गेलेलं असतं. दुसरी: कुरिअरवाला म्हणून फोन येतो आणि *४०१* सारख्या आकड्यांनी सुरू होणारा, पुढे दहा आकडी नंबर असलेला कोड डायल करायला सांगतात. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, मग ते कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवतात. तिसरी: कुठल्याशा स्पर्धेत मत द्यायला लिंक, तिथे नंबर टाका, मग आठ अक्षरी कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका. हा कोड दुसरं यंत्र जोडण्याचा असतो. तुमचा फोन चालूच राहतो, आणि चोर शांतपणे सगळं वाचत बसतो. चौथी: 'ट्रॅफिक चलन' किंवा 'लग्नाचं आमंत्रण' नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. चलन किंवा पत्रिका कधीही एपीके नसते. फोटो, पीडीएफ, फार तर व्हिडिओ. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका.

आज दहा मिनिटं काढून एवढं करा. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन: सहा आकडी पिन ठेवा, आणि ईमेल नक्की द्या. ईमेल न देता पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागतं. मग 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. मुख्य फोनबरोबर चार यंत्रं जोडता येतात. ऑफिसचा जुना संगणक, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी उघडलेलं व्हॉट्सॲप वेब, ओळखू न येणारं काहीही, सगळं लॉग आउट करा. प्रायव्हसीत 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. डीपी आणि 'लास्ट सीन' फक्त ओळखीच्यांना.

खातं गेलंच, तर वेळ घालवू नका. आपल्या फोनवर नंबर पुन्हा नोंदवा; एसएमएसचा कोड टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हालाही सात दिवस थांबावं लागेल, पण तोवर तोही आत नसतो. कोडच येत नसेल तर आधी ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद करा. घरच्यांना, ग्रुपांना साध्या फोनने कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता राहते.

पोलिसांचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणाला तर कॉल तोडा. कायद्यात असली अटक नाही.

फोन भरला

सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे 'बरेचदा फॉरवर्ड झालेले' आणि '५ एमबीपेक्षा मोठे' असे दोन ढीग दिसतात. पहिला डोळे मिटून पुसा, दुसरा डोळे उघडून. मग त्याच पानावर मागे येऊन मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

धंद्यासाठी

दिवाळीचा फराळ, साड्या, घरगुती डबे विकणाऱ्यांनी साध्या ॲपऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावं. तेही फुकट. त्यातली दोन कामं सोन्यासारखी आहेत. 'लेबल': 'नवी ऑर्डर', 'पैसे आले', 'पोचवली'. चकली अर्धा किलो, अनारसे पाव किलो असं बोलत बोलत ऑर्डर तीन मेसेजमध्ये फुटते आणि चवथ्या दिवशी सापडत नाही. म्हणून पूर्ण ऑर्डर स्वतः एका मेसेजमध्ये लिहून 'बरोबर ना?' विचारा, आणि तिच्यावर लेबल लावा. दुसरं, 'क्विक रिप्लाय': दरपत्रक एकदा लिहून ठेवा, मग तिरकी रेघ आणि छोटा शब्द टाइप केला की सगळं येतं.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नावं घालता येतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. 'दोनशे जणांना पाठवलं, साठच ऑर्डरी' याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं. गिऱ्हाइकाला पहिल्याच वेळी नंबर सेव्ह करायला सांगा.

पुरावा म्हणून

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस पोचली आणि उघडलीही गेली, हे ॲपमधल्या खुणांवरून मान्य केलं होतं. म्हणजे निळ्या टिकांना किंमत आहे. पण घरमालक आणि भाडेकरूच्या वादात नुसता स्क्रीनशॉट पुरेल असं धरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. वकिलाकडे जाईपर्यंत तुमचं काम एवढंच: मूळ फोन जपा, ॲप काढू नका, 'डिसअपिअरिंग मेसेजेस' त्या चॅटमध्ये बंद आहे ना ते बघा. चॅटमधल्या तीन टिंबांतून 'मोअर', 'एक्सपोर्ट चॅट' करून ईमेलवर पाठवा. फोटोंसकट शेवटचे १०,००० मेसेज येतात, फोटोंशिवाय ४०,०००. समोरचा दोन दिवसांत आपले मेसेज पुसू शकतो, म्हणून हे त्याच दिवशी.

नंबर बदलला, देश बदलला

जुनं सिम बंद करायच्या आधी अकाउंटमधलं 'चेंज नंबर' वापरा. गप्पा आणि ग्रुप नव्या नंबरवर येतात, ओळखीच्यांना कळवायचं का तेही विचारलं जातं. तसंच सोडून दिलंत तर मोबाइल कंपनी तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, आणि तुमच्या आत्याचे वाढदिवसाचे आशीर्वाद त्या अनोळखी माणसाला जायला लागतात.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांचा भारतातला नंबर तिकडेही व्हॉट्सॲपवर चालतो. ॲप पुन्हा टाकायची वेळ आली की मात्र कोड त्या सिमवरच येतो. म्हणून सिम किमान रिचार्जवर जिवंत ठेवा, निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या, नाहीतर चेंज नंबर करून मोकळे व्हा. १२० दिवस खातं वापरलंच नाही तर ते पुसलं जातं. दुबईला मजकूर आणि फोटो जातात, कॉल सहसा लागत नाही, तिथे इंटरनेट कॉलवर बंधनं आहेत. आईला त्यासाठी तिथे परवानगी असलेलं एखादं ॲप, जसं बोटिम, निघायच्या आधीच लावून द्या आणि दोन वेळा तिच्याकडूनच कॉल करवून घ्या.